पाहुण्यांच्या बांधावरचे नाना

परक्या गावच्या मैदानापाशी आमचा टेम्पो थांबला की पोरं धडाधड उड्या मारून उतरत. भिकूनाना सगळ्यांत शेवटी, पाठमोरे, पायानं जमीन चाचपत उतरत. उतरले की ते मैदानाकडे बघत नसत, समोरच्या संघाकडेही नाही. काखेतली सिमेंटची रिकामी गोणी झटकत आणि ज्या बांधावर आम्ही पाहुणे बसणार, त्या बांधावरून वाकून चालायला लागत. दिसेल तो दगड गोणीत. लिंबाएवढा, अंड्याएवढा, मुठीत मावेल असा प्रत्येक. मोठे धोंडे मात्र सोडून देत.

"तो उचलीपरयंत मानसाचा राग जातो," ते म्हणत. "भीती या बारक्यांची."

गोणी भरली की ती फरफटत लांब न्यायची, ओढ्यात नाहीतर करवंदीच्या जाळीत रिकामी करायची, मग परत यायचं. मॅच सुरू होण्याआधी तासभर हे चाले. यजमान गावची पोरं हसत. "काय वो नाना, शेत साफ करायला आलाव काय?"

"हो रे बाबा," नाना मान वर न करता म्हणत. "मजुरी नको, चा पाज."

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची चाळीस उंबऱ्यांची वाडी. निम्म्या घरांतली माणसं मुंबईला कामाला. नानाही होते, तिथल्या एका फुटबॉलच्या मैदानावर माळी. तीस वर्षं त्यांनी गवत कापलं, पाणी मारलं, चुन्याच्या रेघा ओढल्या. निवृत्त होऊन ते वाडीत परतले तेव्हा मुंबईकर पोरांनी आणलेल्या फुटबॉलचं खूळ इथल्या पोरांना लागलं होतं. आमच्या भागात क्रिकेट आणि कबड्डी. फुटबॉल खेळणारी गावं पाच-सहाच. भात कापून झालं की मळ्यातले बुडखे खणून काढायचे, मधले बांध फोडायचे, दोन्ही टोकांना बांबू ठोकायचे, झालं मैदान. पोरांना वाटलं, नाना आता आपल्याला शिकवणार. नाना म्हणाले, "मी कदी बॉलला पाय लावला नाय. मी बघनाऱ्यांना बघितलंय."

हे अक्षरशः खरं होतं. तीस वर्षं रेघेबाहेर उभं राहून त्यांनी माणसं बघितली होती. "खेळनारे भांडत नायत," ते सांगत. "ते दमतात. भांडतात ते बांधावरचे. त्यांचा दम तसाच शिल्लक असतो." म्हणून वाडीचा संघ परगावी निघाला की नाना निघत. संघात त्यांचं काही काम नव्हतं, मंडळात पद नव्हतं. ते बघ्यांबरोबर जात, आणि बघ्यांची काळजी करत.

ती काळजी म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण होतं. निघण्याआधी ते टेम्पोच्या चारी चाकांना लाथ मारून बघत. चालवणाऱ्या पक्याला विचारत, "ब्रेक बघितलास ना रे?" पहिलं वळण आलं की परत, "पक्या, ब्रेक?" पक्या एकदा वैतागून ओरडला, "नाना, ब्रेक चांगला हाय! आता तुमीच जरा तोंडाला ब्रेक लावा!" सगळा टेम्पो हसला. नाना मागच्या फळीची साखळी दोन्ही हातांनी धरून बसले होते, ते तसेच बसून राहिले. त्यांच्या पिशवीत मीठ-साखरेच्या पुड्या, हळद, जुन्या धोतराच्या पट्ट्या, सुतळी आणि एक जादा चपलांचा जोड असे. "कुनाची तुटली तर?" तो जोड आमच्यात कुणाच्याच मापाचा नव्हता. चार वर्षं तो गावोगाव फिरला.

बायकांनी मॅच बघायला परगावी जायचं, ही गोष्ट वाडीला मान्य नव्हती. नानांनी ती गावकीत, म्हणजे वाडीच्या बैठकीत मांडली. "टेम्पोत सहा तरी बाया पायजेत. बाया असल्या की बाप्यांचे हात खिशात ऱ्हातात." मी तेव्हा बारावीत होते. वडील चळवळीतले, त्यामुळे आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. शाळेत भाकरीसुद्धा मी पत्रकात गुंडाळून नेलेली. दाराशी उभी होते, तिथूनच बोलले, "म्हणजे आम्हाला ढाल म्हणून नेताय?"

नाना म्हणाले, "हो. ढाल म्हनूनच. ढाल काय हलकी वस्तू हाय गो? ती असते म्हनून तलवारवाला घरी येतो."

हे उत्तर मला पटलं नाही. पण मी टेम्पोत चढले.

टेम्पोत चढणाऱ्या प्रत्येकाला नानांचे नियम पाळावे लागत. मैदानावर पाय ठेवण्याआधी त्या गावच्या ग्रामदेवतेला नारळ द्यायचा. यजमानांनी तो फोडून अर्धी कवड परत दिली की तुम्ही पाहुणे झालात. दुसरा नियम शिव्यांचा. "आयबहिनीवरनं बोलायचं नाय. त्यांची आय ती आपली आत्या हाय." ही काही सुविचाराची भाषा नव्हती. आमच्या खोऱ्यात मुलींचं देणंघेणं ठरलेल्या दहा-बारा गावांतच होतं, आणि फुटबॉल खेळणारी गावं त्यांतलीच. समोरच्या संघात उभ्या असलेल्या पोरांपैकी तिघा-चौघांच्या आया खरोखरच आमच्या वाडीच्या लेकी असत. "शिवी द्यायचीच तर बॉलला द्या," नाना म्हणत. "त्याला आय नाय."

एकदा पाचाडच्या बाजूला मॅच होती. शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली. नाना उठले आणि मैदानाकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. पेनल्टी ते कधीच बघत नसत. "काय झालं ते तोंडावर दिसतं. बॉल कशाला बघायला पायजे?" पोरांनी त्या दिवशी ठरवलं, नानांची गंमत करायची. गोल झाला, आणि बांधावरचा एकही चेहरा हलला नाही. यजमान तर गप्पच. नाना एकेका तोंडाकडे बघत राहिले. कपाळावर घाम, हातातल्या टॉवेलाला पीळ. शेवटी माझ्यापाशी आले. "पोरी, तुला खोटं बोलता येत नाय. काय झालं?"

"गोल झाला, नाना."

ते मटकन खाली बसले. मग पोरांनी जो दंगा केला, तो मात्र त्यांनी दोन मिनिटांत थांबवला. "बास. पाहुन्यानं जिंकावं, पन पाहुन्यावानी." परतताना खानावळीत आम्ही भातावर तुटून पडलो. नाना दारात उभे राहून टेम्पोजवळ कोण घुटमळतंय ते बघत होते. त्यांचं ताट गार झालं.

अशा माणसाकडून एकच चूक झाली. परगावचे सगळे बांध त्यांनी साफ केले; आपल्या मळ्याचा कधी केला नाही. आपल्याच गावात कशाला?

त्या वर्षी सावित्रीपलीकडचं एक गाव आमच्याकडे खेळायला आलं होतं. त्याचं नाव मी लिहिणार नाही; आमच्या सहा लेकी तिथं नांदतात. मॅच बरोबरीत सुटली, रेफ्रीवरून बोलाचाली झाली, आणि आमच्या बांधावरून एक दगड गेला. तो त्यांच्या गोलकीपरच्या तोंडावर बसला. पुढचा दात तुटला. कुणी मारला ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. रक्त थांबवायला नानाच धावले, धोतराची पट्टी घेऊन. त्या पोरानं त्यांचा हात झिडकारला.

त्या दगडानं दातापेक्षा मोठी गोष्ट तुटली. त्या गावानं आमच्या लेकींना माहेरी धाडणं बंद केलं. तसं कुणी जाहीर केलं नाही. नागपंचमीला एकीच्या सासूला बरं नव्हतं, गणपतीत दुसरीकडे भात राखायला माणूस नव्हतं, दिवाळीत कुणी कारणसुद्धा दिलं नाही. सहा लेकींत एक नानांची सुमन. बायको गेल्यापासून नाना एकटे. वर्षातून चारदा सुमन यायची, घर सारवून, पापड करून, बापाला दटावून जायची. आता नाना ओटीवर बसून खालच्या रस्त्याकडे बघत.

मला संताप यायचा. दगड पुरुषांचा, दात पुरुषाचा, आणि रस्ता बंद बायकांचा! "सुमनताईला कुणी विचारलं का, तिला यायचंय की नाही?" मी नानांना म्हणायचे.

"तुजं खरं हाय," नाना म्हणत. "पन दगूड आपल्या बांधावरचा होता गो. मी उचलायला पायजे होता."

पुढच्या वर्षी भात कापल्यावर त्याच गावाकडून स्पर्धेचं बोलावणं आलं. रागानं की रीत म्हणून, कळायला मार्ग नव्हता. गेलो तर मार खाऊ, नाही गेलो तर वैर कायमचं. गावकी बसली. कुणाचंच धाडस होईना, तेव्हा ठरलं, देवीला कौल लावायचा. आमच्याकडे कौल म्हणजे मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी पत्रक काढलं: 'फुटबॉल पायानं खेळायचा की पाकळीनं?' पोलादपूरला झेरॉक्स करून घरोघर वाटलं. वडील सोडले तर कुणीही ते पूर्ण वाचलं नसावं.

गाऱ्हाण्याचा मान नानांच्या घराण्याचा. सकाळी गाभाऱ्यात दोघंच गेले, नाना आणि म्हातारा गुरव. गुरवाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आम्ही सगळे बाहेर सभामंडपात. मग गुरवाचा आवाज आला, "काय पडली रे भिकू?"

"उजवी," नाना म्हणाले.

पोरांनी घंटा बडवून काढली.

पाकळी डावी पडली होती. हे मला पुढं चार महिन्यांनी कळलं. पण आत्ताच सांगते, कारण ते ठाऊक नसेल तर त्या मॅचच्या दिवशीचे नाना तुम्हाला दिसणार नाहीत. आम्हाला ते दिसले नाहीत. आम्हाला दिसला तो नेहमीचाच घाबरट म्हातारा, जरा जास्त घाबरलेला.

त्या दिवशी त्यांनी ब्रेक विचारला नाही. साखळी धरून बसले आणि ओठ हलवत राहिले. कशेडीच्या बाजूनं आलेला एक ट्रक वळणावर जरा आत आला, तेव्हा ते उभेच राहिले, दोन्ही हात आमच्या डोक्यांवर आडवे पसरून. जणू वरून काही पडणार होतं.

"नाना, बसा! काय झालं?"

"काय नाय. काय नाय झालं." आणि स्वतःशीच, "अजून नाय."

सावित्रीवरचा पूल ओलांडला. गावात शिरलो. ओट्यांवर माणसं होती. ती बघत होती. देवळात नानांनी नारळ पुढं केला. तिथल्या पुजाऱ्यानं मागे उभ्या असलेल्या पाटलांकडे पाहिलं. हे पाटील म्हणजे सुमनचे सासरे. ते म्हणाले, "ठेवा तिकडं." नारळ फोडला नाही. अर्धी कवड परत मिळाली नाही. याचा अर्थ आमच्यातल्या बारक्या पोरालाही कळत होता. आम्ही आलो होतो, पण अजून पाहुणे झालो नव्हतो.

नानांनी गोणी काढली. त्या दिवशी त्यांनी आमचा बांध साफ केला, आणि मग मैदानाला वळसा घालून त्यांचाही करायला गेले. समोरच्या बांधावर तीनेकशे माणसं, आणि त्यांच्या पायांतून वाकून दगड वेचणारा आमचा एकटा म्हातारा. कुणी पाय उचलला, कुणी मुद्दाम नाही उचलला. बायकांच्या घोळक्यात सुमन उभी होती. बाप तिच्या पायाशी वाकला तेव्हा ती एक पाऊल मागे सरली.

मॅच सुरू झाली. पहिला गोल त्यांचा. हाफ टाइमनंतर आमच्या संदेशनं बरोबरी केली, आणि आम्ही ओरडलो तेही दबकत, पाहुण्यावानी. मग खेळ तापला. संदेश बॉल घेऊन गोलपर्यंत पोचला, आणि त्यांचा गोलकीपर, तोच तुटक्या दाताचा, पुढं येऊन त्याच्यावर आदळला. संदेश पडला तो उठेना. रेफ्रीची शिट्टी नाही.

आमच्या बांधावर संदेशचा मोठा भाऊ नितेश होता. मुंबईला कुरिअरचं काम करतो. त्याच पहाटे गाडीतून उतरून थेट टेम्पोत चढलेला. नानांचे नियम त्याला कुणी सांगितले नव्हते, किंवा तो विसरला होता. तो उठला आणि त्या गोलकीपरच्या आईवरून एक हिंदी शिवी हासडली. इतक्या मोठ्यानं, की सगळं मैदान एकदम थांबलं.

समोरचा बांध उठला. माणसं वाकून हातांनी जमीन चाचपताना मला दिसली. हात रिकामे वर आले. आमच्याकडचेही दोघं-तिघं वाकले होते. तेही रिकामे उठले. पण समोरून तीनशे माणसं मैदानात उतरायला लागली होती, आणि त्यांना थांबवायला दगड लागत नव्हते.

नाना मैदानात गेले. मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या गालांत मारून घेऊ लागले. "चुकलं. आमचं चुकलं. मारायचं तर हितं मारा." नंतर ते मला म्हणाले, त्या क्षणी त्यांना वाटलं, आला. देवीचा कोप आला.

कोप आला नाही. पारूआत्या आली.

समोरच्या बायकांतून एक पन्नाशी उलटलेली बाई पदर खोचून तरातरा निघाली. पुरुषांना कोपरानं बाजूला सारत, नानांना ओलांडून, सरळ आमच्या बांधावर. "कोन बोल्ला रं? कोन बोल्ला माज्यावरनं?"

ती गोलकीपरची आई. आणि नितेशच्या बापाची सख्खी चुलत बहीण. लग्न होऊन गेली तेव्हा नितेश जन्मलाही नव्हता, आणि अलीकडची दहा वर्षं तो मुंबईत. त्यानं आत्याला ओळखलंच नाही. आत्यानं त्याला ओळखलं.

"शांत्याचा तू! नाक बघ, शांत्याचंच नाक! तुज्या बापाला मी काखेत घेऊन फिरवलाय रे मेल्या, आनि तू मला..." पुढची वाक्यं लिहिण्यासारखी नाहीत. नितेशच्या शिवीपेक्षा ती पुष्कळ चांगल्या प्रतीची होती. तिनं त्याचा कान धरला, आणि सहा फुटी नितेशला कानानं ओढत मैदानाच्या मधोमध नेलं, आपल्या मुलासमोर. "पड पाया. दादा हाय तो तुजा."

"आत्ये, माला म्हाईत नव्हतं गो..."

"आता झालं ना म्हाईत? पड!"

पहिल्यांदा कोण हसलं कुणास ठाऊक. बहुधा तो तुटक्या दाताचाच. त्याच्या हसण्यातली फट लांबून दिसली. मग दोन्ही बांध हसायला लागले, भीती उतरते तसं, जरा जास्तच. रेफ्रीनं कशासाठी तरी शिट्टी वाजवली. खेळ पुढं चालू झाला आणि आम्ही दोन-एक हरलो. नाना मैदानाच्या कडेला बसून होते. गाल लाल, नजर आभाळाकडे.

निघताना पुजारी फोडलेल्या नारळाची अर्धी कवड घेऊन आला. त्याच्यामागं पाटील, आणि पाटलांच्या मागं चहाची किटली घेऊन सुमन. तिनं बापाला कप दिला, गालाकडे बघितलं आणि सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिमग्याला मी जानार हाय माहेरी."

पाटील म्हणाले, "जा की मंग. धरलंय कुनी तुला?"

वर्षभर कुणी कुणाला धरलंच नव्हतं, असं ठरलं. मला बोलायचं होतं. नानांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी चहा प्याले.

शिमग्याला सहाही लेकी आल्या. पालखी देवळासमोर नाचत होती, सुमन नाचणाऱ्यांना पाणी देत होती, आणि नाना मागच्या फणसाखाली एकटे बसलेले. मी जाऊन बसले तेव्हा त्यांनी मला पाकळीचं सांगितलं. का मला, माहीत नाही. बहुधा त्यांना वाटलं असेल, देवाला न मानणाऱ्या माणसापाशी बोललं तर देवीच्या कानावर जाणार नाही.

मी उडालेच. "नाना! तुम्ही तर कमाल केलीत! तुम्ही कौल मोडलात! हे मी लिहिणार. एका माणसानं देवाला बाजूला ठेवलं आणि सहा बायकांचा रस्ता..."

"गप." एवढ्या रागानं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. "मी कुनाला बाजूला ठेवली नाय. तू मानीत नायस, तुजं सोपं हाय. मी मानतो. देवीनं नको म्हनून सांगितलं, ते मी ऐकलं, आनि तिच्या तोंडावर खोटं बोल्लो. तिला बोल्लो, काय कोपायचं ते माज्यावर कोप, टेम्पोवर नको."

"पण काही झालं नाही ना."

"तेच तर," नाना म्हणाले. "अजून काय झालं नाय."

आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझा अविश्वास स्वस्तातला आहे. मी ते लिहिलं नाही.

पण त्या खोट्याला फळं धरली. नानांच्या हातानं कौल उजवा आला आणि एवढं वैर मिटलं, म्हणून नानांच्या हाताला गुण आला. कुणाच्या पोराची नोकरी, कुणाची सोयरीक, कुणाचं ऑपरेशन करायचं की नाही; लोक येऊन बसू लागले. "नाना, तुमीच गाऱ्हानं घाला." आधी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, मग सोयराचं, मग दार लावून घेऊ लागले. खालच्या आळीतल्या एका बाईनं गाठीचं ऑपरेशन नानांच्या कौलासाठी थांबवून ठेवलंय, हे कळलं त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. तिच्या घरी जाऊन त्यांनी तिला स्वतः टेम्पोत बसवलं आणि महाडच्या दवाखान्यात नेलं.

भात कापलं. त्याच गावाचं स्पर्धेचं बोलावणं पुन्हा आलं. गावकी बसली, आणि सगळे एकसुरात म्हणाले, नाना, लावा कौल. उजवाच येणार.

नाना उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. "गेल्या साली डावी पडलेली," ते म्हणाले. "मी उजवी सांगितली."

म्हातारा गुरव कोपऱ्यात बसला होता. तो रडायला लागला. मग एकदम सगळे बोलायला लागले. पोरांना घेऊन गेलास, बायाबापड्यांना घेऊन गेलास, काय झालं असतं म्हणजे? मी दारातून ओरडले, की काय झालं ते बघा, सहा लेकी घरी आल्या. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, नानांनीही नाही. ते मान खाली घालून सगळं ऐकत होते आणि मला शपथेवर सांगता येईल, वर्षभरात प्रथमच ते घाबरलेले दिसत नव्हते. गाऱ्हाण्याचा मान काढून घेतला. देवीला पाच नारळांचा दंड.

"अकरा देतो," नाना म्हणाले.

नवीन मानकऱ्यानं दुसऱ्या दिवशी कौल लावला. पाकळी डावी पडली. संघ जाणार नाही असं ठरलं. टेम्पो रद्द.

नाना पुढच्या पावसाळ्यात गेले. झोपेत, हृदयविकारानं; वय बहात्तर. वाडीत अजून दबकत बोलतात, देवीनं उशिरा का होईना धरलाच. मी अशा प्रत्येकाशी भांडले आहे आणि भांडत राहीन. पण नाना आठवले की मला ते अंथरूण आठवत नाही. संघ गेला नाही त्या मॅचच्या दिवशीची सकाळ आठवते, पोलादपूरचं एसटी स्टँड.

महाडला जाणारी गाडी लागली होती आणि खिडकीत नाना. धुतलेला सदरा, मांडीवर पिशवी. मला वाटलं दवाखाना.

"कुठं निघालात?"

"मॅचला."

"अहो, संघ कुठंय? कौल..."

"कौल संघाला झाला. माला कोन इचारतंय आता?" ते खिडकीशी वाकले, आवाज खाली आणला. "बोलावनं आलंय ना गो. एक पन मानूस गेलं नाय तर ते बोलतील, हे आले नायत. मंग परत हिची सासू आजारी, तिचं भात राखायचंय. एक तरी बघनारा दिसायला पायजे त्या बांधावर."

"आणि ओरडणार कुणासाठी?"

त्यांनी विचार केला. "कुनासाठीच नाय. बसून ऱ्हाईन." मग भीत भीत, "देवीला सांगून निघालोय या टायमाला. खोटं नाय बोल्लो. जातोय, एवढंच बोल्लो."

कंडक्टर चढला. नाना खिडकीकडे सरकले, शेजारची जागा हातानं पुसली आणि म्हणाले, "येतेस?"

माझ्या खांद्यावरच्या झोळीत दोनशे पत्रकं होती, आदल्या रात्री लिहिलेली, कौलाच्या विरोधात. ती त्या सकाळी स्टँडवर वाटायची होती.

"नाना, ही वाटायचीत."

"वाट, वाट. ते पन पायजेच," ते म्हणाले.

घंटी वाजली. गाडी मागे आली, वळली आणि महामार्गाला लागली. नानांनी दोन्ही हातांनी पुढच्या सीटचा दांडा धरला होता. शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. मी पहिलं पत्रक समोरून येणाऱ्या माणसाच्या हातात दिलं.